ब्रॅकेटखालचा रंग

उघडा पत्रा मला बघवत नाही. गाडीचा पत्रा एकदा रंगाबाहेर आला की त्याला हवा लागते, ओल लागते आणि वर्षाच्या आत गंज पोखरायला बसतो. आमच्या गॅरेजमध्ये इंजिनाचं काम पूर्वी ह्यांचं होतं, आता मुलाचं आहे. वायरिंग सूनबाईचं. आणि रंग माझा. शाळा मी चौथीत सोडली, पण कुठल्या नंबरचा पॉलिशपेपर कुठे फिरवायचा हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीवर गंजाचा ठिपका दाखवा, मी ब्रश खाली ठेवते, असं मी चारचौघांत सांगत असे. म्हणून तर ट्रकवाले मला पाठीमागे फौजदारीण म्हणत.

ह्यांची जुनी फोर-व्हील गाडी ह्यांच्यानंतर मुलगा चालवायला लागला. रस्ता नसेल तिथे जाणारी. बाटलीचा हिरवा रंग, पाच वेळा मीच दिलेला. गावापलीकडे मातीच्या घळी आहेत, मैलोनमैल, एकीतून निघालं की दुसरीत. तिथली जमीन मोजायला एक मोजणीदार आला आणि त्याने गाडी मुलासकट ठरवली.

चाळिशीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. फाटकातून आत आला, माझ्या खुर्चीपाशी थांबला आणि म्हणाला, "एकवीस."

"काय एकवीस?"

"पावलं. सवय लागलीय. चाललो की मोजतो, आणि वहीत लिहितो."

मग त्याने गाडीला एक चक्कर मारली. "घळींमध्ये मोबाईल लागत नाही. गाडीत रेडिओ बसवल्याशिवाय मी जाणार नाही."

"ही गाडी तुमच्याएवढी आहे वयाने," मी म्हटलं. "आजवर कुणाला वाटेत सोडलं नाही तिने."

"ज्यांना सोडलं असेल ते सांगायला कसे येतील, आजी?"

आजी म्हटलं म्हणून माझं डोकं तापलं. पण मुलगा हसला आणि म्हणाला, "बरोबर बोलतायत ते, आई. रेडिओ घेऊ."

ट्रकवाले वापरतात तो सीबी रेडिओ. फोनसारखं नाही त्याचं. बटण दाबून एकाने बोलायचं, सोडून दुसऱ्याचं ऐकायचं. आणि त्या चॅनेलवर जेवढे असतील तेवढ्यांच्या कानांवर सगळं जातं. गॅरेजच्या टेबलावर आमचा एक जुना सेट होताच, छपरावर उंच एरियल लावलेला. वाळूचे ट्रक, पाण्याचे टँकर, सगळे त्यावर बडबडत. प्रत्येकाचं टोपणनाव. मुलाचं मुंगळा, कारण कुठल्याही चढाला चिकटतो. टँकरवाल्याचं कासव.

रेडिओवाल्याच्या दुकानात मला एक मोठा सेट आवडला, निळ्या दिव्यांचा. मुलाला हवा होता मुठीत मावणारा. सूनबाईने दोन्ही बाजूला सारले आणि एक साधा काळा डबा उचलला. आवाजाचं एक बटण, खरखर दाबायचं एक आणि चॅनेलचं एक.

"ह्याला काय रूप ना रंग," मी म्हटलं.

"धक्क्यांनी ह्याची बटणं हलत नाहीत, आई. आणि डबा कुठलाही घ्या, बोलतं ते एरियल." एरियल तिने लांब घेतलं, माणसाच्या उंचीहून जास्त. मुलगा कुरकुरला, फांद्यांना अडकेल म्हणून. ती म्हणाली, "अडकू दे. आखूड घेतलंत तर तिथून मला कळवाल कसं, चिठ्ठी टाकून?"

बसवताना खरी जुंपली. तिला टपाच्या मधोमध भोक पाडायचं होतं.

"ह्यांच्या गाडीच्या टपाला भोक? आधी माझ्या टाळूला पाड."

शेवटी मागच्या कोपऱ्यावर लोखंडी ब्रॅकेट लावायचं ठरलं. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर ही बया पॉलिशपेपर घेऊन माझा रंग खरवडतेय! तळहाताएवढा पत्रा चकचकीत उघडा पडला होता. 

"अगं अगं, काय चाललंय?"

"ब्रॅकेट थेट पत्र्याला टेकायला हवं, आई. पत्रा म्हणजे एरियलचे पाय. मध्ये रंग आला तर ते उभंच राहत नाही."

"आणि गंज आला तर?"

"ब्रॅकेटखाली आहे. कुणाला दिसणार?"

"मला."

ती हसली आणि बोल्ट आवळले. मग तिने सेट आणि एरियलच्या मध्ये एक छोटा मीटर जोडला. बटण दाबलं की त्याची सुई हलायची. "ही खाली राहिली तर आवाज बाहेर जातोय. लाल पट्ट्यात गेली तर तो उलटा सेटमध्ये येतो. तसंच बोलत राहिलं तर सेट आतून जळतो." सुई खालीच राहिली. तिने मीटर सोडवून डब्यात ठेवला आणि वर फडकं बांधलं.

हे सगळं मी ऐकलं होतं. नव्हतं ऐकलं असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून, दोघं उठायच्या आत मी ब्रॅकेट सोडवलं. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा हात दिला, तो सुकल्यावर हिरव्याचे दोन. कागदाएवढा तर थर, मी मनाशी म्हटलं, एवढ्याने काय अडतंय. बोल्टनाही रंग दिला आणि पाणी झिरपू नये म्हणून त्यांच्याखाली रबराचे वायसर घातले. काम असं बेमालूम झालं की मी लांब उभी राहून दोनदा बघितलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. फाटकातून मुलाने बटण दाबलं, "मुंगळा निघाला, फौजदारीण!" आणि टेबलावरच्या सेटवर खणखणीत आवाज आला. वीस पावलांवरून येणारच. मोजणीदार खिडकीतून वाकून म्हणाला, "चालतो ना हो हा नक्की?"

"गाडी कुणाची आहे?" मी म्हटलं. तो चष्मा पुसत आत सरकला.

दर दोन तासांनी बोलायचं ठरलं होतं. दहा वाजता बोलला, घळींच्या तोंडाशी होता, पण आवाज पार खोल गेलेला. सूनबाईच्या कपाळाला आठी पडली. बारा वाजता काहीच नाही. "आत उतरले असतील," ती म्हणाली. तोवर वारा सुटला होता. पश्चिमेला आभाळ भाजलेल्या विटेसारखं झालं, पाखरं गप्प झाली आणि आमच्या पत्र्याच्या दारावर बारीक माती आपटायला लागली.

दोन वाजता ती बटण दाबून बसली. "मुंगळा, मुंगळा, ऐकू येतंय का? अहो, बोला ना." मध्येच टँकरवाल्याचा आवाज आला. "वहिनी, मघाशी एकदा काहीतरी खर्र झालं. शब्द एकही कळला नाही. कुणीतरी बटण दाबतंय, पण बोलणं पोचत नाहीये."

सूनबाई माझ्याकडे वळली. "एरियल," ती म्हणाली. "पण मी तर सुई बघितली होती. केबल चेपली असेल का? की बोल्ट मीच ढिला ठेवला?" ती पुन्हा पहिल्यापासून एकेक गोष्ट आठवून सांगू लागली. केबल कशी नेली, टोक कसं जोडलं, पेपर किती घासला. "माझंच काहीतरी चुकलंय, आई. माझंच."

मला तेव्हा कळलं होतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, घड्याळ समोरच होतं. तीस वर्षं जिला मी स्क्रूड्रायव्हर कसा धरावा ते सुनावलं, तिच्यापुढे कसं बोलू? बोलेल आता पोरगा, वारा पडला की बोलेल, असं म्हणत मी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबत राहिले. ती बोलावत राहिली. अर्धा तास. एक तास. तिचा घसा बसला. बाहेर फाटक दिसेनासं झालं.

साडेतीनला ती उठली आणि दुसऱ्या गाडीची किल्ली शोधायला लागली. "कुठल्या घळीत आहेत ते माहीत नाही तुला," मी म्हटलं. "ह्या मातीत तूही हरवशील."

"मग काय करू? सांगा ना! माझ्या हाताने बसवलाय मी तो!"

"तू नीट बसवला होतास," मी म्हटलं. "मी रंग दिला."

ती समजली नाही. मग समजली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माइक उचलून माझ्या हातात दिला. "त्यांना ऐकू जात असणार. छपरावरचं एरियल जोरदार आहे. सांगा त्यांना."

"तूच सांग."

"तुम्हीच सांगा. कुठे कुठे रंग लावलात ते तुम्हालाच माहीत."

चॅनेलवर तेव्हा गावातले सगळे ट्रक होते. मी बटण दाबलं. "मुंगळ्या, मी आई. ब्रॅकेटखाली मी रंग दिलाय. चोरून. बोल्टनाही दिलाय, खाली रबर घातलंय. सगळं सोडव, पत्रा दिसेपर्यंत खरवड आणि मग बोल. तोवर बटणाला हात लावू नकोस, सेट जळेल." हेच मी तीनदा सांगितलं. एरवी हसायला टपलेल्यांपैकी एकही आवाज आला नाही. नुसती खरखर. हसले असते तर मला चाललं असतं.

आम्ही दोघी टेबलाशी बसलो. चार वाजले. सव्वाचार. सेट आधीच जळला असेल हे दोघींच्याही मनात होतं.

"...आई." मग खोकला. "आई, येतंय का ऐकू?"

सूनबाईने माइक हिसकावला. तो पाचव्या घळीत होता, कोरड्या विहिरीच्या खाली. गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल तुटलेला, तो स्वतः धडधाकट. तिने विचारलं, "आणि मोजणीदार?"

दोनदा बटण दाबून सोडल्याची खटखट आली.

"तो गेला. तुमचा आवाज येत होता गं, आमचा जात नव्हता. म्हणाला, आपण कुठे आहोत ते ह्यांना कधीच कळणार नाही, कुणीतरी चालत जायला हवं. मी अडवलं. मी पावलं मोजत जातो, हरवणार नाही, म्हणाला."

"कधी गेला?" मी विचारलं. बटण तिच्या हातात होतं, तरी मी विचारलं. तिने तेच पुढे विचारलं.

"तीनला."

सूनबाईने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

टँकरवाला आणि दोन ट्रक लगेच निघाले. मुलाला त्यांनी अंधार पडायच्या आत आणलं. मोजणीदाराला शोधायला तीन दिवस लागले. वाऱ्याने त्याचा माग पुसला होता. तो रस्त्याकडे नाही, उलट्या दिशेला गेला होता, आणि एका कपारीत बसलेला सापडला. डोळ्यांत माती, चष्मा दोरीला.

त्याची वही घरच्यांकडे द्यायच्या आधी टँकरवाल्याने मला दाखवली. शंभर पावलं झाली की एक रेघ. रेघा पहिल्यांदा सरळ होत्या, मग वाकड्या, मग एकमेकींवर. मी बोट ठेवून मोजल्या. बेचाळीस. पहिल्या रेघेच्या वर त्याने व्यवस्थित अक्षरात लिहिलं होतं, "हिरव्या गाडीपासून".

ब्रॅकेटखालचा तो तळहाताएवढा पत्रा आता तांबूस झालाय. सूनबाई आजवर मला एक शब्दही लावून बोललेली नाही. एकदाच, मीटर पुसून ठेवताना तिने विचारलं, "आई, दोन वाजता का नाही बोललात?"

मी ब्रश धुवत होते. पाणी स्वच्छ झालं तरी धुवत राहिले.