दुबार काळुराम

काळुराम घरतांना आयुष्यात कुणाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. भजनाला बोलावलं तरी हो, त्याच संध्याकाळच्या हळदीला बोलावलं तरी हो. मग दोन्हीकडे थोडं थोडं जाऊन यायचं, एकीकडे टाळ वाजवायचे, दुसरीकडे वडे खायचे. बहात्तर वर्षं हे बिनबोभाट चाललं. पकडलं ते शेवटी संगणकाने.

सोमवारी सकाळी पेणच्या दवाखान्यात योजनेच्या खिडकीत बसणाऱ्या सुरभीने त्यांचा आधार नंबर टाकला आणि पडदा लालभडक झाला.

"आजोबा, तुम्ही दोनदा आहात."

"कुठं?"

"यादीत. तुमच्या जोह्याच्या शिबिरात गरिबांच्या योजनेचं कार्ड काढलंत ना? आणि रोह्याच्या एका कंपनीच्या विम्यातही तुमचं नाव आहे. त्यातही सरकारचा वाटा असतो. आता नियम झालाय, एका माणसाला एकच."

"मग तू काढ ना बाय एकीकडचं. कुठलं पन काढ."

"मी नाही काढायचं, तुम्ही सांगायचं. हा अर्ज घ्या, दोन्ही मुलांच्या सह्या आणा. गुरुवारी बाराच्या आत आणलात तर शुक्रवारचं ऑपरेशन होईल. नाहीतर पुढची तारीख दीड महिन्याने."

काळुरामांना नेमका तेव्हाच खोकला आला आणि त्यांनी उजव्या जांघेवर हात दाबून धरला. तिथला हर्निया आता लिंबाएवढा राहिला नव्हता. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, की आतडं अडकलं तर तारीख बघायला वेळ मिळणार नाही.

धाकटा निकेश झेरॉक्स काढायला गेला होता तो परत आला. "झालं काय बाबा?"

"झालं झालं. एक सही ऱ्हायली," म्हणत काळुरामांनी अर्ज चार घड्या करून खिशात घातला.

आता हे दोनदा असणं कसं घडलं, ते सांगायला हवं. थोरला प्रविण रोह्याला कंपनीत. होळीपर्यंतचे चार महिने बाबा त्याच्याकडे राहतात, म्हणून त्याने विम्यात त्यांचं नाव लावलं. त्या विम्यात आई किंवा वडील यांपैकी एकालाच जागा होती. निकेश जोह्यात गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. गावात कार्डाचं शिबिर लागलं तेव्हा त्याने बाबांना गाडीवर बसवून नेलं. दोघांनी विचारलं होतं, "बाबा, माझ्या कार्डावर घेऊ ना?" काळुराम दोघांनाही हो म्हणाले होते.

हर्निया निघाला तेव्हा दोघांनी पुन्हा विचारलं, "ऑपरेशन माझ्या कार्डावर करू ना?" तेव्हाही काळुराम दोघांना हो म्हणाले.

म्हणजे आता अर्जातल्या दोन चौकोनांपैकी एकात खूण करायची, ती योजनेवर नव्हतीच. ती प्रविण आणि निकेश यांच्यापैकी एकावर होती. निदान जोह्यात आणि रोह्यात तसंच धरलं जाणार होतं.

मंगळवारी ते गाडीने रोह्याला गेले. कासू स्टेशन येईपर्यंत त्यांनी वाक्य जुळवलं होतं, "प्रविण, तुज्या कार्डावरचं नाव काढतो, मनात काय आनू नको." नागोठण्यापर्यंत ते पाठही झालं. रोह्यात सून दिशाने दार उघडताच सांगितलं, "बाबा, ह्यांनी शिफ्ट बदलून घेतली. म्हणाले, बाबांचं ऑपरेशन आपल्या कार्डावर, मी तिथं पाहिजेच. आख्ख्या प्लँटला सांगून आलेत." काळुरामांनी चहा घेतला, नातवाला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या आणि परतीची गाडी पकडली.

मग तेच वाक्य त्यांनी निकेशसाठी उलटं जुळवलं. पण बुधवारी कारखान्यात गेले तर निकेश पितांबराचा पिवळा रंग कालवत मालकाला सांगत होता, "शुक्रवारी मी नाय. बाबांना माज्या कार्डावर नेतोय." वर मालकही काळुरामांकडे बघून म्हणाला, "नशीब काढलंत, घरतकाका." काळुराम हो म्हणाले.

संध्याकाळी बायको चंद्रावतीने धुवायला सदरा उचलला आणि खिसे चाचपले. धुण्याआधी खिसे चाचपायची तिची पद्धत पंचेचाळीस वर्षांची होती, त्यातून तिला संसाराची बरीच बातमी लागत असे.

"अवो, ह्यो कसला कागद?"

काळुरामांनी सगळं सांगितलं. बायकोला सांगताना हो किंवा नाही म्हणावं लागत नाही, एवढी एक सोय त्यांना होती.

ती अर्ज दिव्याखाली धरून बोटाने एकेक ओळ वाचत गेली. "तुमचं नाव हितं पन हाय, तितं पन हाय. माजं कुठं हाय?"

"तुजं असंल की निकेशच्या कार्डावर."

निकेश ओटीवर जेवत होता. घास तसाच ठेवून म्हणाला, "माज्याकडं? आईचं दादाकडं हाय ना? कंपनीवाल्यांचं आई-बाप दोगंपन घेतात."

प्रविणला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. तो म्हणाला, "माझ्याकडे कसं असेल? एकाचीच जागा आहे, तिथं बाबा आहेत. आई बारा महिने जोह्यात असते. निकेशने शिबिरात नेलं नाही तिला?"

निकेश हळू म्हणाला, "त्या दिवशी मूर्ती वाळत घातलेल्या. आभाळ आलेलं. राखायला कोनतरी पायजे होतं."

सरकारने दुबार नावं शोधायला एवढी मोहीम काढली, तिच्यात काळुराम दोनदा सापडले. चंद्रावती मुळात सापडायलाच नव्हती, त्यामुळे तिची अडचण कुठल्याच पडद्यावर लाल होत नव्हती.

"मंजे मी मूर्त्या राखल्या आनि तुमी मला इसरलात," ती म्हणाली. "बरं झालं. मला काय होत नाय ना कदी. गुडघं तर शेजारनीचं दुखतात."

"आई, उद्याच तुझं नाव माझ्या कार्डावर..." प्रविणने सुरुवात केली.

"माज्या घालतो, दादा," निकेश म्हणाला.

"तुझ्याकडे नवीन नावं बंद आहेत. आधी दुबार काढणार, मग नवीन घेणार. पेपरात आलंय."

आणि इथे काळुरामांना बहात्तर वर्षांत पहिल्यांदा वाट सापडली. ते फोनजवळ सरकले. "प्रविण, मी तुज्या कार्डावरनं उठतो. तितं आईला बसव. मी काय तुला सोडून जात नाय. बायकोला जागा देतोय. यष्टीत देतात तशी."

प्रविण म्हणाला, "आईसाठी असेल तर मी काय बोलणार? उद्या सहीला येतो. पण शुक्रवारी पण मी येणारच. शिफ्ट बदललीय."

"ये रं. हो."

चंद्रावती सदरा पिळत म्हणाली, "यष्टीत कदी उठून जागा दिलीव मला? खांब गावच्या जत्रंला मी हुभी ऱ्हायले आनि तुमी खिडकीत."

गुरुवारी साडेअकराला चौघंही सुरभीच्या खिडकीशी उभे होते. सह्या झाल्या, कंपनीच्या चौकोनात खूण झाली. आईचं नाव प्रविणने सकाळीच कंपनीत देऊन ठेवलं होतं. सुरभीने पडद्यावर बोट ठेवलं. "नाव कमी करण्याचं कारण?"

"बायकोला जागा."

"तसा पर्याय नाहीये. मृत्यू, स्थलांतर, विवाह आणि इतर. 'इतर' टाकलं तर अर्ज अलिबागला तपासणीला जातो. दहा दिवस."

काळुरामांनी मृत्यू बाजूला ठेवला, तो टाळायचीच तर सगळी धावपळ होती. स्थलांतर म्हणताच दोन्ही मुलांनी कान टवकारले.

"विवाह घाल."

"आजोबा, ते लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींसाठी असतं."

"तसं लिवलंय?"

सुरभीने वर-खाली करून पाहिलं. "लिहिलेलं नाहीये."

"मग? हिच्याशी लगीन केलं नसतं तर आज उठलो असतो काय मी?"

सुरभीने घड्याळाकडे पाहिलं, चंद्रावतीकडे पाहिलं आणि विवाहवर टिचकी मारली. लगेच नवा रकाना उघडला. "विवाहाचा दिनांक सांगा. हा भरल्याशिवाय पुढे जात नाही."

काळुरामांच्या तोंडातून सवयीने "हो" एवढंच आलं. त्यांनी प्रविणकडे पाहिलं. प्रविणने निकेशकडे. बाराला दहा मिनिटं होती. शेवटी तिघांनीही चंद्रावतीकडे पाहिलं.

ती बाकावर बसली होती. तिने आधी पदर सारखा केला, गुडघा चोळला, मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सावकाश दोन घोट घेतले.

"सांग ना गो," काळुराम जांघेवर हात दाबून म्हणाले.

"सांगते. घाई काय हाय? मी आता यादीत हाय."