डावं चाक सिगांगचं

मी हब बोलतोय. बारिओ नावाच्या डोंगरी गावातल्या मारानच्या जुन्या पिकअपचा, पुढच्या डाव्या चाकाचा. चाकाच्या मधोमध मुठीएवढी गोल चकती दिसते ना, तो मी. माझ्या तोंडावर फिरवायचा एक खटका आहे आणि दोनच शब्द कोरलेले आहेत, फ्री आणि लॉक. खटका फ्रीवर असला की माझं चाक नुसतं गडगडत जातं. लॉकवर आणला की इंजिनाचा जोर चाकात उतरतो आणि गाडी चारही चाकांनी चिखलातून चढते. उभ्या आयुष्यात मला एवढंच येतं, तेही कुणी खाली उतरून, वाकून, बोटांनी फिरवलं तर.

उजव्या चाकाला माझा भाऊ होता. एकाच साच्यातून निघालो, एकाच खोक्यातून बोटीने आलो. आमचं एक दुखणं आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघं लॉक असलो तरच आमचा उपयोग. एकजण जरी फ्री राहिला, तरी पुढचा सगळा जोर त्याच्या बाजूने वाया जातो आणि लॉक असलेला दुसराही हात चोळत बसतो.

मारान उजवीकडे बसून गाडी चालवायचा. त्याची बायको सिगांग डावीकडे बसायची. पठारावर आम्ही फ्रीवर असायचो, तेल कमी जळतं. पठार संपून लाकूडतोडीच्या रस्त्याचा चढ लागतो तिथे एक पिवळा दगड आहे. तिथे गाडी थांबायची आणि दोघं दोन बाजूंनी उतरायची. मारान भावाला फिरवायचा, सिगांग मला. माझा ‘कट्’ असा आवाज आला की ती उठून बॉनेटवर दोन थापा मारायची. त्या थापा ऐकल्यावरच मारान पुढच्या चाकांना जोर देणारी आतली दांडी ओढायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं.

“माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि साहेबांची बाजू कायम कोरडी,” सिगांग कुरकुरायची.

“मग तू चालव, मी उतरतो.”

“चालवीन की! पण डावं चाक तुला जमायचं नाही. आधीच सांगून ठेवते.”

एकदा ती डुलकी घेत होती म्हणून मारान स्वतःच माझ्याकडे आला. ती दार उघडून धावली आणि त्याच्या हातावर चापट मारली. “इकडचं माझं आहे. तुझं तिकडे.” तो हसत परत गेला. त्यानंतर त्याने मला कधी हात लावला नाही.

ग्रीसही मला तीच भरायची. पानात बांधलेला मऊ भात खाऊन झाला की त्याच पानाने माझं तोंड पुसायची. तिला नातू झाला तेव्हा मोठी मेजवानी झाली आणि इकडच्या रीतीप्रमाणे आजी-आजोबांना नवी नावं मिळाली. मी जुनीच नावं सांगतोय, माझ्या तोंडी तीच बसली आहेत. दुसऱ्या दिवशी पिवळ्या दगडाशी माझ्यापुढे वाकून ती म्हणाली, “नाव बदललं रे माझं. हात तोच आहे.”

माणसं यंत्रांशी बोलतात तेव्हा त्यांना वाटतं, कुणी ऐकत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सिगांग चुलीपाशी कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, “मेंदूचं आहे. मिरीच्या इस्पितळात न्यायला हवं, जितक्या लवकर तितकं बरं. पण ढग एवढे खाली आलेत की विमान उतरायचं नाही.” मारानने तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. तिचा भाऊ रादू तिला धरून शेजारी बसला. मिरी शहरापर्यंत बारा तासांची वाट होती.

पिवळ्या दगडाशी गाडी थांबली. मारान उतरला, माझ्या भावाला लॉक केलं आणि परत येऊन बसला. बसून राहिला. थापांची वाट बघत होता, त्याचं त्यालाही कळलं नसेल.

“अरे, थांबलास का? चल!” म्हणत रादूने त्याच्या सीटच्या पाठीवर हात आपटला. एकदा. दोनदा.

मारानचा हात दांडीवर गेला.

मी फ्रीवर होतो. मी ओरडलो असतो हो! पण मला आवाज आहे तो फक्त ‘कट्’ एवढाच, आणि तोही दुसऱ्याच्या बोटांनी निघणारा.

अर्ध्या चढावर गाडी रुतली. मी चिखलात पुरता बुडालो. मारानने फावड्याने उकरलं, फळ्या घातल्या, इंजिन रेटलं. मागची चाकं चिखल उडवत राहिली, पुढची ढिम्म. “पुढच्या चाकांचा आस तुटलाय आतून,” तो म्हणाला. “आता दुसरी गाडी येऊन ओढेल तेव्हा.”

तेवढ्यात सिगांगचा डावा हात वर आला. बोटं जुळवून तिने हवेत काहीतरी फिरवलं.

“पाणी मागतेय,” रादू म्हणाला. “बाटलीचं झाकण काढ.”

मारानने बाटली तिच्या ओठांना लावली. तिने तोंड फिरवलं आणि पुन्हा हात तसाच फिरवला.

“वारं लागतंय वाटतं तिला.” मारानने खिडकीची मूठ फिरवून काच वर घेतली.

तिने पुन्हा हात फिरवला. पुन्हा. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“दुखतंय गं? हो, हो. येईल कुणीतरी,” मारान तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. तिचा नवरा होता तो, बावीस वर्षं तिची एकही थाप न चुकवलेला. ती हातवारे करून माझं नाव घेत होती आणि त्याला कळत नव्हतं.

दुपारी एकच्या पुढे लाकडाचा ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं.

“काका, हब लॉक आहेत ना?”

“आहेत. मी स्वतः केलेत.”

“दोन्ही?”

मारानने डाव्या चाकाकडे बघितलं.

ड्रायव्हरने कोपरापर्यंत हात चिखलात घातला, मला शोधलं आणि फिरवलं. कट्. दोराची गरजच पडली नाही. गाडी आपल्या पायांनी वर आली. पाच तास आम्ही तिथे होतो.

मारानने मागे वळून पाहिलं. सिगांगचा हात मांडीवर पडला होता. “तू सांगत होतीस,” तो म्हणाला. तिने डोळे मिटून घेतले.

मिरीत ती चार दिवस जगली. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणलं असतं तर...”

महिन्याभराने मिरीहून मुलगा आला, गेरावत. येताना नवे ऑटोमॅटिक हब घेऊन आला. “बाबा, आता कुणाला उतरायला नको. दांडी ओढली की आपोआप लागतात.”

“आणि सुटतात कसे?”

“तेही आपोआप. मागे-पुढे गाडी घेतली की.”

“मागे घेताना जोर सुटतो?”

“क्षणभर. परत लागतो.”

“आपलं आपण सुटणारं मला नको.”

गेरावत पाना खाली ठेवून म्हणाला, “तुमचं हाताने लागणारं होतं ना? त्याचं काय झालं?”

मारान उठून घरात गेला. मुलगा मग तिथेच चाकाला टेकून रडला.

आम्हा जुन्यांना या आपोआपवाल्यांचा राग येतो. बंद टोपीचे, गुळगुळीत, कुणाच्या बोटांची ओळख नसलेले. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशी माझ्या जागी त्यांच्यातला एक असता, तर गाडी रुतली नसती. सिगांग कदाचित जगली असती. माणसाचा हात लागल्याशिवाय मी चालत नाही, याचा मला फार अभिमान होता. आता नाही.

शेवटी नवे हबच गाडीला बसले आणि माझ्या भावाला गेरावतने भंगारात टाकलं. मला मात्र मारानने उचललं आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. तिथे माझ्यासोबत एक टॉर्च आहे आणि सिगांगची कापडी टोपी.

त्या ट्रकवाल्याने फिरवला तेव्हापासून माझा खटका लॉकवर आहे. कुणी परत फ्री केलेला नाही. जोडायला चाक नाही, तरी मी घट्ट धरून आहे.

तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या बाजूला बसणारं माणूस रोज न सांगता काय काय करतं, ते एकदा खाली उतरून, त्याच्या बाजूला जाऊन बघून घ्या. ते धडधाकट आहे तोवरच.

मारान अजून पिवळ्या दगडाशी थांबतो. उतरायची काही गरज नसते. तरी उतरतो, वळसा घालून डावीकडे जातो आणि वाकतो. तिथे फिरवायला काही नाही, नव्या हबची गुळगुळीत टोपी आहे. तो तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ तसाच असतो. मग उठून बॉनेटवर दोन थापा मारतो आणि घाईघाईने येऊन आपल्या जागेवर बसतो, जणू त्या थापा दुसऱ्याच कुणी मारल्यात.