झुंबरबाईचं डाळिंबी लुगडं

चौऱ्याण्णव साली बोरी बुद्रुकला जर्मनीची एक फिल्म कंपनी येणार म्हटल्यावर गावाला वाटलं, ट्रक येतील, दिवे येतील, एखादी हिरॉईन येईल. आली एक भाड्याची जीप. नवरा, बायको आणि एक कॅमेरावाला. एवढीच ती कंपनी. देशोदेशीच्या बायकांची सकाळ कशी जाते, यावर ते छोटे छोटे सिनेमे काढत. दुभाषा म्हणून जुन्नरच्या कापडवाल्या सुवालालचा अंकित होता, पुण्यात जर्मन शिकलेला.

त्यांनी ठकूबाईला निवडलं. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन ती अशी चालायची की थेंब सांडत नसे. ठकूबाईला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या झुंबरबाईचं डाळिंबी लुगडं मागून आणलं आणि विहिरीपासून दारापर्यंत ऐटीत चालली. हेल्गाबाई, म्हणजे ती जर्मन बाई, खूश झाली.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढचं काम होतं. ठकूबाई हिरवं लुगडं नेसून बसली. हेल्गाबाईनं कपाळाला हात लावला.

"मावशी, कालचं लुगडं कुठंय?" अंकितनं विचारलं.

"पावण्यांपुढं रोज तेच नेसू व्हय? म्हणतील, हिला एकच हाय."

"अहो, सिनेमात ही एकच सकाळ आहे. दारातून आत येईस्तोवर लुगडं बदललं कसं?"

ठकूबाईनं लुगडं तर परत केलेलं, आणि झुंबरबाई तेच नेसून अवसरी खुर्दला लग्नाला गेलेली. हेल्गाबाई हळूच काही बोलली. अंकितनं मान खाली घालून सांगितलं, "उद्या आम्ही निघणार. आज लुगडं नाही मिळालं, तर विहिरीवरून चालत येणं सिनेमातून काढावं लागेल."

"मग माझं ऱ्हातंय काय? भाकरी तर समदं गाव थापतं," ठकूबाई म्हणाली आणि तडक एसटी स्टँडवर जाऊन बसली.

दुपारी झुंबरबाई पान चघळत उतरली. "काय गं, मला न्यायला आलीस?"

"लुगडं सोड."

"हितं, स्टँडवर?"

सगळं ऐकल्यावर मात्र तिचे डोळे चमकले. "देते की. पण लुगडं सिनेमात आन मी भाईर, असं न्हाई चालायचं."

हेल्गाबाई हसली. सकाळी शेजारीण न्याहारीला आली, असं ठरलं. दोघींनी लुगडी बदलली. ठकूबाई भाकरी थापू लागली, झुंबरबाई ताटावर बसली. पण लग्नात ती गळ्यापर्यंत जेवून आलेली, आणि कॅमेरावाल्याचं समाधान होईना. दर खेपेला नवी गरम भाकरी ताटात पडे.

"पुरे गं, बुंदी लई झालीय."

"खा मुकाट्यानं. सकाळ हाय, तू उपाशी हाईस."

दीड वर्षानं सुवालालच्या पत्त्यावर कॅसेट आली. त्याच्या टीव्हीपुढं निम्मी बोरी जमली. विहीर दिसली, हंडे दिसले, डाळिंबी लुगडं डुलत दारात शिरलं आणि तेच चुलीपुढं बसलं. एवढा वेळ सिनेमात मागून हेल्गाबाई जर्मनमध्ये बोलत होती. न्याहारीला ती गप्प झाली, आणि या दोघींचंच बोलणं ऐकू येऊ लागलं. खाली जर्मन अक्षरं उमटली.

"काय लिवलंय रं?" झुंबरबाईनं विचारलं.

"सकाळ आहे, तू उपाशी आहेस," अंकित म्हणाला.

सगळे खो खो हसले. "बरं झालं," झुंबरबाई म्हणाली, "मला कसं गिळाया लावलं, ते जर्मनीलाबी कळलं."

ठकूबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं अंकितचा हात धरला. "बाबा, ते चालत आल्यालं परत लाव."