एकवीस पुड्यांचा कौल

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शालूबाईला पाळी आली. तिचं वय त्रेपन्न होतं आणि पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती.

हे घडलं पलूसजवळच्या एका बेदाणा शेडमध्ये. नोव्हेंबर असल्यामुळे द्राक्षं वाळवायच्या जाळ्या रिकाम्या होत्या आणि शेडमध्ये सत्तरएक बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. समोर पाटावर अंबूबाई, कपाळभर मळवट भरलेली. सगळ्या तिला अंबूआई म्हणत. शालूबाईनं शेजारी बसलेल्या धाकट्या जावेच्या, मनुबाईच्या कानात सांगितलं. ते तिथून चार ओळी पुढं जायला मिनिटही लागलं नाही.

"उठ गं शालू!" अंबूआई गरजली. "काय बोलले हुते मी? एकवीस पुड्या, मग चार दिस उपास, आन पाचव्या दिशी आई वाहील. वाहिली का न्हाई?"

"वाहिली," शालूबाई म्हणाली.

"मोठ्यानं सांग! आई काय बहिरी हाय?"

आईला सत्तर बायकांच्या तारखा पाठ होत्या. शेडमधली वीज कधी जाते आणि कधी येते, हे मात्र तिला आजवर सांगता आलं नव्हतं. आत्ताही ती गेली, पंखा थांबला, आणि त्या उकाड्यात बायका शालूबाईच्या पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या. तिच्या पायांवर डोकी टेकत होती. आपले पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी ती बघत राहिली.

तिला आनंद झाला नव्हता. दोन वर्षांत तिला कशानंच काही झालं नव्हतं. अंगातून वाफा निघायच्या, पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही, आणि दिवसभर सगळं सुन्न. लेकीच्या बाळाला मांडीवर घेतलं तेव्हाही तिला फक्त वजन जाणवलं. नवरा धनाजी फौजेतून निवृत्त झालेला, तो म्हणायचा, "शालू, तू ड्यूटीवर उभी राहिल्यासारखी घरात वावरतीस." श्रावणात एकदा लुगड्याला तांबडा डाग दिसला. तिनं मनुबाईला सांगितलं, मनुबाईनं अंबूआईला. अंबूआईनं निदान केलं: "आईची चाहूल हाय. बंद झालेलं दार उघडायचं म्हणतीया."

मग पुड्या सुरू झाल्या. राखेसारखी पूड, वर हळद आणि खडीसाखर. शुक्रवारी पहिली पुडी, आणि सगळ्या बायकांची एकाच शुक्रवारी. दहाव्या दिवशी वाफा थांबल्या. चौदाव्या दिवशी शालूबाई सलग सहा तास झोपली. पुडीवर तिचा विश्वास बसला तो या झोपेमुळे. रक्त नंतर आलं.

त्याच मंगळवारी तानुबाईलाही पुढं बोलावलं होतं. ती ऊसतोडीला जाणारी. तिची गर्भपिशवी दहा वर्षांपूर्वीच काढलेली. तिनं एकवीस पुड्या घेतल्या, उपास केला, आणि काहीच आलं नाही.

"तुझ्या हातनं आईचं कायतरी ऱ्हायलंय," अंबूआई म्हणाली. "नऊ मंगळवार वल्या लुगड्यानं बसायचं."

तानुबाई तिथंच भिजून बसली. तिनं भीत भीत विचारलं, "पर आई, माजी पिशवीच न्हाई..."

"आईला पिशवी लागती व्हय गं? जिनं पिशवी दिली तिला?"

बायका हसल्या. मनुबाई हसली नाही.

दुसऱ्या फेरीच्या पुड्या दोघी जावांनी एकाच शुक्रवारी सुरू केल्या. मनुबाईचीही पाळी केव्हाच गेलेली होती. त्या दिवसांत बागेत डिपिंग चालू होतं. जीए या वाढीच्या हार्मोनच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा, म्हणजे मणी लांबतो. दोघी वीस वर्षं हे काम करत होत्या. नवीन औषध आलं की बागायतदार एक ओळ न बुडवता सोडतो, फरक औषधानं पडला की हवेनं, ते बघायला. मनुबाई हातातला घड मगात धरून थांबली.

"आक्का, आपुन एक वळ सोडूया का?"

"कशाची?"

"माजी. म्या उद्यापास्नं पुडी बंद करते. बारा झाल्या. तुमी एकवीस पुऱ्या करा. आई जर पंचांग बघून येत आसंल, तर दोघींस्नी एकाच दिशी येईल."

"आन कोप झाला मंजी?"

"द्राक्षावर आजवर झाला न्हाई."

शालूबाईनं पुढचा घड बुडवला. "कर," ती म्हणाली.

मनुबाईनं मंगळवारची पुडी शेवटची घेतली. शनिवारी तिला पाळी आली, अंबूआईनं सांगितलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी. शालूबाईला मात्र सांगितलेल्या मंगळवारीच आली. देवी पंचांग बघत नव्हती. पुडी कधी थांबते ते बघत होती.

शेडमधल्या गंधकाच्या धुरीच्या खोलीमागे कचरा टाकत, तिथं मनुबाईला आणखी एक गोष्ट सापडली: गोळ्यांच्या अर्धवट जळालेल्या रिकाम्या पट्ट्या. तिनं खळगे मोजले. प्रत्येक पट्टीत एकवीस.

मनुबाईचं रक्त पाच दिवसांत थांबलं. शालूबाईचं नवव्या दिवशीही थांबलं नव्हतं. दहाव्या दिवशी धनाजीनं दोघींना सांगलीला स्त्रियांच्या डॉक्टर प्रांजल यांच्याकडे नेलं.

डॉक्टरांनी शालूबाईचा रक्तदाब मोजला. तो एकशे सत्तर निघाला. मनुबाईनं नेलेल्या पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. "या पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "पुडीत याच कुटल्यात का, ते तपासणीतूनच कळेल. पण तुम्ही सांगताय ते सगळं याच्याशी जुळतं. पाळी जाते तेव्हा अंगातली दोन हार्मोन कमी होतात. एक पिशवीचं अस्तर वाढवतं, दुसरं ते आवरून धरतं. गोळीतून दोन्ही द्यायची आणि एकदम थांबवायची, की दोन-चार दिवसांत अस्तर गळतं. दार उघडलेलं नसतं. औषध थांबल्याची ती खूण."

"म्हंजे जीएच की," मनुबाई म्हणाली. "तानुबाईची पिशवीच न्हाई, मग गळंल काय?"

"बरोबर."

शालूबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मग माजी झोप बी खोटी हुती?"

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "नाही. झोप खरी होती. कमी झालेलं हार्मोन मिळालं की वाफा थांबतात. म्हणून तर बायका परत येतात. पण हेच उपचार उघडपणे मिळतात. गोळी असते, कातडीवर लावायची पट्टी असते, जेल असतं. त्रास फक्त खालच्या कोरडेपणाचा असेल तर तेवढ्यापुरतं मलम. पिशवी असेल त्या बाईला दोन्ही हार्मोन लागतात, नसेल तिला बहुतेक वेळा एकच पुरतं. त्यांचा डोस या गोळ्यांपेक्षा बराच कमी असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, रक्ताची गाठ होऊन गेलेली, यकृताचा आजार, अशांना सहसा देत नाही. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. आणि दरवर्षी तपासून ठरवायचं, चालू ठेवायचं की थांबवायचं."

"मला द्या की मग."

"आत्ता नाही. रक्त का जातंय हे कळेपर्यंत नाही. श्रावणातला डाग पुडीच्या आधीचा होता ना?"

"व्हय."

"पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला तरी तपासायचा असतो. पुडीनं तो झाकला."

सोनोग्राफीत अस्तराची जाडी तेरा मिलिमीटर आली. या वयात ती चारच्या आत असावी लागते. डॉक्टरांनी अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला. पुडीमुळं अस्तर वाढलं असेल, किंवा दुसरं काही असेल, असं त्या म्हणाल्या. दुसरं काय, ते शालूबाईनं विचारलं नाही. धनाजीनं विचारलं, आणि कर्करोगही असू शकतो हे ऐकून तो बाहेर जाऊन मोटारसायकलजवळ उभा राहिला.

पुढच्या मंगळवारी शालूबाई शेडमध्ये गेली. वाफा परत सुरू झाल्या होत्या. तिनं पट्ट्या अंबूआईच्या पाटासमोर ठेवल्या.

"हे कचऱ्यात गावलं."

"उंदरांनी आणलं आसंल," अंबूआई म्हणाली.

"उंदरांस्नी बी एकवीसच लागत्यात व्हय?" मागून मनुबाई म्हणाली. दोन-तीन बायका फिसकन हसल्या.

"डॉक्टरनं भरवलंय तुमाला! आई कोपंल शालू, वंगाळ हुईल!"

"हुईल," शालूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि भीतीही नव्हती. ती बायकांकडं वळली. "मला झोप लागली हुती, ते खरं हाय. ती औषदाची झोप हुती, आईची न्हवं. बागंला औषिद मारताना आपुन डबा वाचतो, किती घालायचं ते इचारतो. अंगात घालताना का इचारत न्हाई? पुडीत काय हाय ते जी सांगत न्हाई, तिची पुडी घिऊ नका. पाळी गेल्यावर डाग दिसला तर नवस करू नका, डॉक्टरकडं जावा. तानुबाई, तू ऊठ. तुजं कायबी ऱ्हायलेलं न्हाई."

तानुबाई उठली. तिच्याबरोबर अकरा बायका उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या. वाफांनी त्यांनाही रात्रभर जागं ठेवलं होतं आणि घरात कुणी कधी चौकशी केली नव्हती.

पुड्यांचा नमुना तपासणीला गेला आहे. त्याचा निकाल आलेला नाही. दोघी जावांनी तक्रार दिल्यावर शेडच्या मालकानं कुलूप लावलं. अंबूआई आता वडूजकडं दर मंगळवारी बसते, असं ऐकण्यात आहे. तिथंही पुड्या एकवीसच असतात.

शालूबाई शेडमध्ये बोलली त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला दवाखान्यातून फोन आला. अस्तराचा रिपोर्ट आला होता. तो फोनवर सांगत नाहीत, उद्या दहा वाजता या, आणि येताना घरातलं कुणीतरी बरोबर आणा, एवढंच पलीकडून सांगितलं गेलं.