दोन रेघांमधलं तेल

मी ब्रेक ऑइलची डबी. बॉनेट उघडलंत की मागच्या बाजूला मुठीएवढी बसलेली दिसेन. अंगावर दोन रेघा आहेत. तेल त्यांच्यामध्ये असलं की सगळं आलबेल. ब्रेकवर पाय पडला की हेच तेल नळ्यांमधून चाकांपर्यंत जोर पोचवतं.

आमचे मालक निवृत्त शिंपी. गाडी रोज आरशासारखी पुसायचे. पण बॉनेट उघडायचं म्हटलं की अंगावर काटा. तीन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग घरात सून आली. ती नर्स. तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

एकदा घाट उतरून मालकांच्या आक्कांकडे जायचं ठरलं. निघताना सूनबाईंनी बॉनेट उघडलं.

"बाबा, तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलंय."

"मग ओत की थोडं. आक्का जेवायची थांबली असेल."

"मागच्याच महिन्यात भरलं होतं. सलाइन भराभर संपलं तर आम्ही आधी नळी बघतो, नुसती बाटली बदलत नाही."

मालक फुगून पायरीवर बसले. सूनबाई गुडघे टेकून एकेक चाक बघत गेल्या. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू तेलाने ओली होती.

मेकॅनिक घरीच आला. "असेच घाटात गेला असतात, तर पेडल खाली गेलं असतं आणि गाडी वेळेवर थांबली नसती," तो म्हणाला. मालकांचा चेहरा उतरला.

त्याने त्या चाकाच्या ब्रेकमधलं झिजलेलं, गळकं रबर बदललं, कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं तेल काढून सीलबंद बाटलीतलं नवं घातलं. मग नळ्यांतली हवा काढायला मालकांना आत बसवलं. "दाबा. धरून ठेवा. सोडा." चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय तो. एक ठोका चुकला नाही.

"काका, असा पाय मला गॅरेजात पाहिजे," मेकॅनिक म्हणाला. मालक लाजले, आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरलो. आक्कांनी उशिराबद्दल भरपूर झापलं. मालकांनी हसत ऐकून घेतलं.

आता दर रविवारी ते गाडी सपाट जागी लावतात, माझ्यावरची धूळ पुसतात, चष्मा लावून रेघा बघतात. परवा तर शेजाऱ्यांनाही बॉनेट उघडायला लावलं.

तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. बिचारी आपणहून हाक मारणार नाही. जाता जाता तिची विचारपूस करा.