निळ्या पेट्रोलची राख

इंजिनाची नाडी उस्ताद धुराड्याच्या तोंडात बघत. बाकीचे मेकॅनिक कान देऊन ऐकतात, कुणी मीटर जोडतात. उस्ताद इंजिन बंद झालं की पाइपाच्या तोंडात करंगळी फिरवत आणि ती उजेडाकडे धरत. काळं निघालं तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक निघालं तर कमी जातंय, आता पिस्टनला भोक पडणार. आणि चुलीतल्या थंड राखेसारखं फिकट राखाडी निघालं की उस्तादांच्या मिशीत हसू फुटे. "तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणत, जणू घरातल्याच कुणाची नाडी बघितली.

ही राख पंपावरच्या पेट्रोलची नव्हे. ती निळ्या पेट्रोलची, छोट्या विमानांच्या. उस्तादांचा मेहुणा गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमानांच्या टाक्या भरायचा. त्याच्या हातून कॅन गॅरेजात पोचत.

"दाजी, हे पिऊन विमान उडतं," कॅन उतरवताना मेहुणा म्हणायचा. "भाचा उडाला तर मला बोल लावू नका."

"तो उडायला बसलाच आहे. तू फक्त झाकण घट्ट लाव."

उस्तादांचा पोरगा शर्यतीच्या गाड्या चालवायचा. बापाने त्याच्यासाठी जे इंजिन बांधलं होतं त्यात दाब इतका होता की साधं पेट्रोल त्यात वेळेआधीच भडकायचं, आणि आत कुणी हातोडीने ठोकतंय असा खडखडाट व्हायचा. निळं पेट्रोल मात्र दम धरून जळायचं. ते का, हेही उस्तादांना ठाऊक होतं. त्यात शिसं होतं. पंपावरच्या पेट्रोलातून ते कधीच हद्दपार झालेलं, विमानाच्या पेट्रोलात अजून टिकून होतं. उस्तादांच्या लेखी ते औषध होतं. गाड्या हळू झाल्या त्या शिसं गेल्यापासून, असं ते कुणालाही ऐकवत.

खाली गॅरेज, वर घर. गॅरेजच्या मागच्या खोलीत लोखंडी घोडीवर इंजिन बांधून उस्ताद ते तासन्‌तास चालवून बघत. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा माणूस निष्काळजी नव्हता. उमेदवारीच्या काळात त्यांचा एक सोबती बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करत बसला, तो बसलेलाच सापडला, धुराने गेलेला. गाल गुलाबी, जणू डुलकी लागलीय. तेव्हापासून उस्तादांनी कानाला खडा लावला होता: पाइप जोडल्याशिवाय इंजिनाला चावी नाही. खोलीतला सगळा धूर त्यांनी स्वतः जोडलेल्या पाइपातून, पंख्याच्या ओढीने, मागच्या भिंतीबाहेर जाई. पुढच्या बाजूला रस्ता आणि शेजारी, लोकांना उगाच त्रास नको. मागे आपलंच अंगण. चारी बाजूंनी भिंत, वर आभाळ.

त्या अंगणात बांधकामातून उरलेल्या वाळूचा ढीग होता आणि ढिगावर तीन वर्षांच्या नातीचं राज्य होतं. तिला सगळे भिंगरी म्हणत. पायात खिळा जाऊ नये म्हणून आजोबांनी ती वाळू चाळणीतून स्वतः गाळली होती. खाली इंजिन गरजायचं तेव्हा भिंगरी वरच्या खिडकीत टाळ्या वाजवायची आणि आवाज थांबला की जिना उतरून वाळूत. प्लास्टिकच्या कपात वाळू भरायची आणि आजोबांना चहा पाजायची. "आबा, गरम आहे, फुंकून प्या." आबा फुंकून पीत.

त्या वर्षी भिंगरीचं जेवण सुटलं.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पोट दुखतं म्हणायची. जंताचं औषध झालं. शौचाला होईना, त्याचं झालं. मग चिडचिड सुरू झाली. हसता हसता ताट भिरकावून द्यायची.

"तुमच्या लेकावर गेली," उस्तादांची बायको म्हणाली. "तोही असाच ताटं फेकायचा."

"आई, तो तुमच्याकडे बघून फेकायचा," सून म्हणाली, आणि सासू-सुना दोघी हसल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरात हसू आलं नाही.

कारण मग पोरीचं बोलणं गळायला लागलं. आधी वाक्यं गेली. पाणी हवं असलं की नुसतं बोट दाखवायची. मग काही शब्द गेले. सुनेच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला शर्यत झाली की बघू. ती थांबली नाही. पोरीला कडेवर घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली.

रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "कमी नाही, पुष्कळ. ते लहान मुलांच्या मेंदूत जाऊन बसतं. औषधाने काही बाहेर निघेल. पण आत जाणं थांबलं पाहिजे, ते तुमच्या हातात. घराला जुना रंग आहे का? जुने नळ? बॅटऱ्या फोडायचं काम?"

"यांचं गॅरेज आहे," सून म्हणाली.

"बॅटऱ्या मी ठेवत नाही," उस्ताद म्हणाले. "आणि नळ नवे आहेत."

निळं पेट्रोल त्या क्षणी त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण माशी चेहऱ्यासमोरून जावी तसं, हाताने हाकललं आणि गेलं. पेट्रोल कॅनमध्ये असतं, कॅनला झाकण असतं. जळलं ते संपलं, पाइपातून गेलं, आभाळात विरलं. शिवाय मेहुण्याचं नाव कशाला काढा, त्याची नोकरी जायची. घरी येऊन त्यांनी खिडक्या-दारांचा आणि भिंतींचा जुना रंग खरवडायला घेतला. पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून, कोपरे न् कोपरे. खांदे भरून आले तरी थांबले नाहीत. नातीसाठी त्यांनी जीव काढून दिला असता, यात तिळमात्र खोटं नाही.

शर्यत रविवारी होती. मंगळवारी सकाळी इंजिन फिरवून झालं आणि उस्ताद नेहमीसारखे मागे अंगणात पाइपाच्या तोंडाशी गेले. करंगळी फिरवली, उजेडाकडे धरली. फिकट राखाडी, इतकं एकसारखं की आयुष्यात क्वचितच बघायला मिळावं.

बोट पुसायला त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर फडकं शोधलं. कट्ट्याला बोट लागलं, तिथेही राखाडी. परवाच खरवडून धुतलेला कट्टा. ते तसेच उभे राहिले. मग खाली वाकले. वाळूवर भिंगरीचा प्लास्टिकचा कप आडवा पडला होता. कपाच्या आत, कडेला, चहाचा डाग बसावा तशी तीच राख.

देवाने माणसाला डोळे दिले, पण काय बघायचं ते माणूस स्वतः ठरवतो. उस्तादांनी ती राख किती वेळा उजेडात धरली होती. इंजिनाचं सुख तिच्यात वाचलं होतं. शिसं जळत नाही, ते नुसतं रूप बदलून बाहेर येतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. प्लगवर साचलेलं तेच शिसं ते सुईने उकरून काढत. रोज. स्वतःच्या हाताने. तेच शिसं अंगणात पडतं, वाळूत मिसळतं, पोरीच्या बोटांना लागून तोंडात जातं, एवढंच त्यांनी बघायचं सोडलं होतं.

पोरगा आत पाना घेऊन वाकला होता. उस्तादांनी कप त्याच्यासमोर धरला आणि बोट आत फिरवून दाखवलं. पोरगा गॅरेजमध्येच वाढलेला. त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. तो स्टुलावर बसला आणि त्याने पाना खाली ठेवला.

"बंद करू," उस्ताद म्हणाले.

"करूच," पोरगा म्हणाला. "पण बाबा, ठिणगीचं टायमिंग लावणं अजून अर्ध्यावर आहे. उद्याचा एक दिवस. अशी घोडी दुसऱ्या कुणाकडे आहे सांगा, मी आत्ता इंजिन उचलून नेतो."

"कुणाकडे नाही."

"मग पाइप वर वळवू. छपराच्याही वर नेऊ. अंगण धुऊन काढू. आई तिला खाली सोडणार नाही. इतके महिने गेले, त्यात एक दिवस." त्याचा आवाज फाटला. "माझी पोरगी आहे ती. मला काय कळत नाही का?"

यावर उस्तादांनी नाही म्हणायला हवं होतं. नुसतं बाप म्हणून नव्हे, उस्ताद म्हणूनसुद्धा. पाइप वर नेला म्हणून राख वरच राहत नाही, ती खालीच येते, हे इतकं सोपं गणित. पण समोर ते इंजिन होतं, पोरानं ज्याच्यावर सगळी जवानी लावलेली, आणि ते आता कुठे खरं बोलायला लागलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत," उस्ताद म्हणाले. "मग कॅन मी स्वतः परत पोचवतो."

पाइपाला कोपर बसवून तोंड वर केलं. अंगण नळीने धुतलं. वाळूवर ताडपत्री टाकली. बायकोला सांगितलं, पोरीला आज-उद्या खाली सोडू नकोस, मागे काम आहे. सुनेला काही सांगितलं नाही. ती औषधाच्या वेळा सांभाळत होती.

बुधवारी इंजिन जसं वाजलं तसं कधीच वाजलं नव्हतं. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. खडखड नाही, अडखळ नाही, एक सलग भरदार सूर. वर खिडकी उघडी होती. उकडत होतं म्हणून सुनेनेच उघडली होती. तिला कोण सांगणार होतं? खिडकीत भिंगरी उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती. गजांना गाल लावून नुसती बघत होती.

रविवारी पोरगा शर्यतीत दुसरा आला. कुणी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "औषध चालू असून आकडा वर गेलाय. घरात अजून काहीतरी आहे. नीट आठवून सांगा. तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तरी सांगा."

सून म्हणाली, "मॅडम, यांनी सगळा रंग काढला. रात्रंदिवस राबलेत. भिंती उघड्या केल्यात हो."

तिने आपली बाजू घ्यावी हे उस्तादांना सहन झालं नाही. फटके खाणं त्यापेक्षा सोपं. ते खुर्चीच्या कडेला सरकले आणि खाली बघून सगळं सांगितलं. विमानाचं पेट्रोल, शिसं, पाइप, अंगण, वाळू. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं.

सून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं कधी?"

तिने विचारू नये म्हणून ते मनातल्या मनात देवाची विनवणी करत होते, आणि देवाने ती ऐकली नाही, हेच बरं झालं म्हणायचं.

"शर्यतीच्या आधी," ते म्हणाले. "मंगळवारी."

"बुधवारी इंजिन चालू होतं."

"होतं."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. ते तिला तिथेच कळलं, कुणाला सांगावं लागलं नाही.

"परत येईल का हिचं बोलणं?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"काही येईल," त्या म्हणाल्या, आणि क्षणभराने, "सगळं येईलच असं मी सांगणार नाही. लवकर थांबलं असतं तर जास्त आशा होती."

"मग आम्ही माझ्या भावाकडे जातो. आजच."

"पोरी," उस्ताद म्हणाले, "तिचे कपडे, खेळणी... मी घेऊन येतो."

"नको. तिथलं काहीच नको. नवं घेईन." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांना धीर आला असता.

बाहेर व्हरांड्यात सोबत आलेल्या मामीने, सुनेच्या भावजयीने, भिंगरीला बाकावर बसवलं होतं. आजोबांना बघून ती खाली उतरली, त्यांच्यापाशी आली आणि उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले. शब्द नव्हता, पण हात स्पष्ट होते.

उस्तादांनी आपल्या अंगावरच्या सदऱ्याकडे बघितलं. नखांच्या कडा बघितल्या. सकाळी साबणाने चोळून आले होते, तरी त्या कडा राखाडी होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एक पाऊल मागे सरले.

भिंगरीला वाटलं खेळ आहे. आबांनी पाठीमागे काय लपवलंय ते बघायला ती एका बाजूने वाकली, मग दुसऱ्या बाजूने. उस्ताद वळत राहिले, हात तिच्यापासून लांब धरून. मग आईने तिला उचललं आणि जिन्याकडे नेलं. पोरगा पिशवी घेऊन मागोमाग गेला, बोलावलं नव्हतं तरी. उस्ताद व्हरांड्यात तसेच उभे राहिले, हात पाठीमागे, कारण पुढे आणून ते कुठे ठेवायचे हे त्यांना सुचेना.