पायी अंतरावर

धुळ्यात नऊ घरं पालथी घातल्यावर दिपमालाला दहावं पसंत पडलं. एक बेडरूम, चिमुकला हॉल, ऑफिस पायी दहा मिनिटांवर. रिक्षावाल्यांशी रोज हुज्जत घालून ती विटली होती. त्याहून विटली होती घरच्या गर्दीला. श्रावणात कानबाई, खानदेशची देवी, घरात बसली की सारी भावकी रोटांचा प्रसाद खायला एका घरी जमते, आणि सहा वर्षं ते घर तिचंच होतं. एवढ्याशा जागेत आता कोण मावणार? तिने करारावर सही करून टाकली.

दुपारी सासूबाई, यशोदाबाई, शिंदखेड्याहून घर बघायला आल्या. स्टँडवरून चालतच आल्या. बेडरूममध्ये त्यांनी डोकावलंसुद्धा नाही. हॉल मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलांनी मोजला.

"भलती चांगली जागा शे," त्या म्हणाल्या. "स्टँड पायी शे. कानबाईले समदासले येवाले सोपं पडी."

"हॉल लहान आहे, आई."

"मंग काय व्हयनं? दोन पंगती करूत."

दिपमाला स्वयंपाकघरात जाऊन, चाळीस माणसांच्या कणकेची परात ओट्यावर मावेल का, ते बघत उभी राहिली.